डॉ. कोटणीस आणि चार ऊती

मला रक्त पाहिले की भोवळ येते. कॅडेटने हे कबूल करणे सोपे नाही. मागच्या सत्रात अडथळ्यांच्या शर्यतीत मित्राचा गुडघा फुटला, तेव्हा मी तोंड फिरवले होते.

सुट्टीत बेंगळुरूला महादेवपुऱ्यातील घरी मी विज्ञानातील ऊतींचा धडा पाठ करत होतो. एकाच प्रकारचे काम मिळून करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता हे तिचे चार प्रकार. माझी आजी सोलापूरची. माझी घोकंपट्टी ऐकून तिने मला तिच्या गावच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले आणि मुंबईत डॉक्टर झाले. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत.

आघाडीवरून आलेल्या जखमी सैनिकात त्यांना चारही ऊती एकदम दिसत असतील. त्वचेचा फाटलेला वरचा थर म्हणजे अभिस्तर ऊती. खालचे मांस म्हणजे स्नायू ऊती. मोडलेले हाड आणि वाहणारे रक्त, दोन्ही संयोजी ऊती. वेदना मेंदूपर्यंत पोहोचवते ती चेता ऊती. १९४० च्या लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात.

१९४१ मध्ये ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ज्यांचे नाव या रुग्णालयाला दिले, ते कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने वारले होते. अभिस्तर ऊतीला पडलेली एवढीशी चीर! हा धोका ठाऊक असूनही कोटणीस काम करत राहिले. त्यांनी तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. त्यांना एक मुलगा झाला.

पुढे त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले. मेंदूतील चेतापेशी एकाच वेळी अनियंत्रित संदेश सोडू लागल्या की असा झटका येतो. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले.

सुट्टीनंतर मैदानावर पुन्हा एकाचे कोपर सोलवटले. माझे हात थरथरत होते. पण जखम धुऊन पट्टी मीच बांधली.