कॅफिन, मेंदू आणि डॉ. बी. बी. दीक्षित

दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच 'एम्स', आज देशभरातील रुग्णांचा शेवटचा आधार मानली जाते. या संस्थेचे पहिले संचालक डॉ. बी. बी. दीक्षित हे मराठी होते, याची आठवण वैद्यकीय वर्तुळात अजून आहे. मात्र संचालक होण्याच्या दोन दशके आधी याच दीक्षितांनी कॅफिन आणि मेंदू यांच्या संबंधावर मूलभूत संशोधन केले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. चहा-कॉफी घेतल्यावर झोप का उडते आणि छाती का धडधडते, या रोजच्या अनुभवामागच्या शास्त्रात त्यांचा वाटा आहे.

दीक्षितांच्या संशोधनाची पायाभरणी कोलकात्यात झाली. भारतीय औषधशास्त्राचे प्रवर्तक कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली देशी वनस्पतींची आधुनिक पद्धतीने तपासणी सुरू होती. दारुहळदीत आढळणाऱ्या बर्बेरिन या द्रव्याच्या गुणधर्मांवरील चोप्रा, दीक्षित आणि चौहान यांचा निबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतीतील नेमके द्रव्य वेगळे काढायचे आणि शरीराच्या कोणत्या भागावर ते काय करते हे मोजायचे, ही शिस्त दीक्षितांना येथे मिळाली.

त्यानंतर ते एडिंबरा विद्यापीठात गेले. औषधशास्त्र विभागाची सूत्रे तेव्हा ए. जे. क्लार्क यांच्याकडे होती. तो काळ या शास्त्रातील मोठ्या वादाचा होता. मज्जातंतू आपला संदेश विजेने पुढे पाठवतात की एखाद्या रसायनाच्या द्वारे, असा तो वाद. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून हृदयाची गती मंदावणारे रसायन दाखवून दिले होते. ते ॲसिटिलकोलिन असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाबाबत जे खरे ते मेंदूबाबतही खरे असेल का, हा प्रश्न मात्र तेव्हा जवळजवळ अस्पर्श होता.

दीक्षितांनी त्याच प्रश्नाला हात घातला. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. मांजरांच्या मेंदूतील या पोकळ्यांत त्यांनी ॲसिटिलकोलिन अत्यल्प मात्रेत टोचले, तेव्हा त्यांच्या श्वसनावर परिणाम झाला. पुढच्या प्रयोगांत त्यांना झोपेसारखी अवस्था आढळली. मेंदूच्या ऊतींमध्ये असे द्रव्य मुळातच असते का, याचाही त्यांनी शोध घेतला. हे निष्कर्ष १९३३ आणि १९३४ मध्ये 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. झोपेच्या रसायनशास्त्राचा इतिहास लिहिणारे आजही या नोंदींपर्यंत मागे जातात.

कॅफिनचा प्रयोगही १९३४ मधलाच. फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून हे द्रव्य वेगळे केले होते. चहातील 'थेइन' हे निराळे द्रव्य नसून कॅफिनच आहे, हेही एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट झाले होते. दीक्षितांनी कॅफिन अल्प मात्रेत मांजरांच्या मेंदूतील पोकळ्यांत टोचले आणि हृदयाचे ठोके अनियमित झालेले नोंदवले. औषध दिले मेंदूला आणि ताल बिघडला हृदयाचा. याचा उगम मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील केंद्रांच्या उद्दीपनात आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. हृदयविकाराचे मूळ केवळ हृदयातच शोधणाऱ्या वैद्यकाला ही महत्त्वाची सूचना होती.

या प्रयोगाचा अर्थ एका कपातील कॉफी हृदयाला घातक, असा मात्र नाही. मेंदूच्या पोकळीत टोचलेले द्रव्य आणि पोटातून हळूहळू रक्तात मिसळणारे पेय यांत मोठे अंतर आहे. बेताने कॉफी घेणाऱ्या निरोगी माणसांत ठोक्यांची गंभीर अनियमितता वाढते, असे नंतरच्या मोठ्या पाहण्यांत आढळलेले नाही.

कॅफिन नेमके काम कसे करते, याचे उत्तर दीक्षितांच्या पिढीला मिळाले नव्हते. ते १९७० नंतरच्या संशोधनातून उलगडत गेले. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मज्जापेशींवरील ठराविक ग्राहींना चिकटले की पेशींचे काम मंदावते आणि झोप येऊ लागते. कॅफिनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनशी मिळतीजुळती असल्याने ते त्या ग्राहींची जागा अडवून बसते. थकवा तसाच असतो, फक्त त्याची वर्दी मेंदूला मिळत नाही. जागृती राखणाऱ्या काही पेशी ॲसिटिलकोलिनच स्रवतात आणि ॲडेनोसिन त्यांनाही आवर घालते. दीक्षितांनी वेगवेगळे तपासलेले दोन पदार्थ अशा रीतीने एकाच साखळीत येऊन मिळतात. ॲसिटिलकोलिन जागेपणी आणि स्वप्नांच्या झोपेतही कार्यरत असते, हे आता ज्ञात आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात कॉफीपेक्षा चहाच अधिक चालतो. तेथील कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात परीक्षेच्या दिवसांत रात्र जागवणारा विद्यार्थी असो की पहाटेच्या एसटीचा चालक, त्यांच्या पेल्यातही कॅफिनच असते, फक्त प्रमाण कमी. कॉफीच्या कपात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम, तर चहाच्या कपात त्याच्या निम्म्याच्या आसपास कॅफिन असते. शरीरातील निम्मे कॅफिन नाहीसे व्हायला सुमारे पाच तास लागतात. त्यामुळे सायंकाळी सहाला घेतलेल्या पेल्याचा अंमल रात्री अकरालाही अर्धा उरतो. गरोदरपणी हा काळ बराच लांबतो. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० आणि गर्भवतीने २०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये सुचवले आहे.

एडिंबराहून परतलेल्या दीक्षितांना मायदेशात निराळे प्रश्न हाताळावे लागले. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेत त्यांनी संस्थेचे संचालक साहिब सिंग सोखी यांच्यासह प्लेगची लागण झालेल्या उंदरांवर सल्फा औषधे वापरून पाहिली. हा निबंध १९४० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या रोगावर तोवर लस आणि स्थलांतर एवढेच उपाय होते, त्यावर औषध असू शकते ही आशा त्यातून निर्माण झाली. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात १९९४ मध्ये प्लेग पुन्हा उद्भवला, तेव्हा हाताशी औषधे होती. त्या दीर्घ वाटचालीचा हा एक आरंभीचा टप्पा.

पुण्यात १९४६ मध्ये बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा त्याच्या प्राचार्यपदाची धुरा दीक्षितांकडे आली. पुढे १९५६ मध्ये संसदेच्या कायद्याने एम्सची स्थापना झाली आणि ते दिल्लीला गेले. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या स्वप्नातील ही संस्था प्रत्यक्षात चालवून दाखवण्याचे काम त्यांच्यावर आले. प्रयोगशाळेतील तरुण संशोधकाचा काळ मागे पडला. त्यांनी सुरू केलेला मेंदूचा शोध मात्र त्याच छताखाली पुढे गेला. भुकेचे केंद्र हायपोथॅलॅमसमध्ये असल्याचे दाखवणारे डॉ. बाळकृष्ण आनंद यांनी एम्सचा शरीरक्रियाशास्त्र विभाग घडवला.

त्याच १९५६ मध्ये औरंगाबादला मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि परभणीसह मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. खुद्द परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी २०२३ पर्यंत थांबावे लागले. तेथे शरीरक्रियाशास्त्राचा पहिला धडा गिरवणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात हायपोथॅलॅमस आणि ॲसिटिलकोलिन ही नावे येतात. त्या पानांमागे एका मराठी डॉक्टरचे श्रम आहेत, एवढे जरी त्याला वर्गात सांगितले गेले, तरी दीक्षितांचे ऋण काही अंशी फिटेल.