विश्लेषण : ‘सांदोकान’च्या जनकाला गरिबीने का घेरले?

कबीर बेदी १९७६ मध्ये इटलीत घराघरांत पोहोचले ते ‘सांदोकान’ या टीव्ही मालिकेमुळे. बोर्निओजवळच्या बेटावरून इंग्रजांशी लढणारा हा समुद्री चाचा एमिलिओ साल्गारी यांच्या कादंबऱ्यांतला. लाखो वाचकांना आशिया दाखवणाऱ्या या लेखकाने स्वतः आशियात कधी पाऊलही ठेवले नाही.

साल्गारी कोण होते?
जन्म १८६२चा, इटलीतील व्हेरोना शहरातला. जहाजाचा कप्तान होण्यासाठी ते व्हेनिसच्या नौकानयन संस्थेत दाखल झाले, पण शिक्षण अर्धवट राहिले. त्यांचा समुद्रप्रवास एड्रियाटिकपुरताच झाला. तरीही ते स्वतःला कप्तान म्हणवत. या बिरुदावर शंका घेणाऱ्या एका पत्रकाराशी त्यांनी द्वंद्वयुद्धही केले.

न पाहिलेले देश कसे रंगवले?
ग्रंथालयातील विश्वकोश, नकाशे आणि प्रवासवर्णने हेच त्यांचे जहाज. १८८३ पासून सांदोकानची कथा व्हेरोनातील वृत्तपत्रात क्रमशः येऊ लागली. १८९५ मध्ये आलेल्या कादंबरीत त्यांनी बंगालचे सुंदरबन आणि तिथले ठग उभे केले. कादंबऱ्यांची संख्या ८०च्या आसपास गेली, कथा वेगळ्याच.

मग पैसा कुठे गेला?
पुस्तके हातोहात खपत होती. मात्र साल्गारी यांना मोबदला मिळे तो प्रामुख्याने ठरावीक रकमेत. खप वाढला तरी त्या प्रमाणात त्यांची कमाई वाढत नसे, फायदा प्रकाशकांचा. घरी पत्नी आणि चार मुले. खर्च भागेना म्हणून वर्षाला तीन-तीन कादंबऱ्या लिहिण्याचे करार त्यांनी केले. करारात एकाच प्रकाशकाचे बंधन असल्याने, जादा कमाईसाठी टोपणनावांनीही लिहिले. १८९७ मध्ये राजघराण्याने ‘नाइट’ किताब दिला, पण त्याने घर चालणार नव्हते.

शेवट कसा झाला?
अतिश्रमाने प्रकृती खालावली. १९११ मध्ये पत्नी इडा यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच, २५ एप्रिलला, साल्गारी यांनी तुरिन येथे आत्महत्या केली. आपल्या घामावर श्रीमंत झालात, आता निदान अंत्यसंस्काराचा खर्च तरी करा, अशा आशयाचे पत्र त्यांनी प्रकाशकांसाठी मागे ठेवले होते.

त्यानंतरही त्यांच्या नावाची मागणी आटली नाही. इतरांनी लिहिलेल्या कादंबऱ्याही ‘साल्गारी’ या नावावर बाजारात आल्या. ज्या नावाने लेखकाचे घर चालले नाही, त्याच नावावर इतरांचा धंदा पुढे कित्येक वर्षे चालला.