संत बहिणाबाई : भक्ती, मारहाण आणि घराचे परिवर्तन

घरातील हिंसा थांबावी म्हणून जगभर अनेक भाविक प्रार्थना करतात. कॅथलिक बंधुभगिनी दरवर्षी २२ मे रोजी इटलीच्या संत रिटा यांचे स्मरण करतात. त्यांनी तापट, हिंसक पतीबरोबर कित्येक वर्षे संसार केला, तो बदलावा म्हणून प्रार्थना केली आणि त्याचा खून झाल्यावर सूडाऐवजी क्षमा निवडली. आपल्या महाराष्ट्रातही अशीच एक साध्वी होऊन गेली. त्या म्हणजे संत तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावात झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. बाहुल्या खेळण्याच्या वयातच शिऊरच्या गंगाधर पाठक या तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न लागले. पुढे भाऊबंदकीमुळे सगळ्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर असा प्रवास करत ते कोल्हापूरला पोहोचले.

तिथे दान मिळालेल्या गायीच्या वासराचा बहिणाबाईंना फार लळा लागला. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते त्यांच्या मागोमाग जाई. एकदा स्वामींनी मुलीच्या आणि वासराच्या मस्तकावर प्रेमाने हात ठेवला. लोकांत चर्चा सुरू झाली. ती गंगाधरपंतांच्या कानी गेली आणि संतापून त्यांनी पत्नीला बेदम मारले, बांधून ठेवले. बहिणाबाई तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

काही दिवसांनी वासरू गेले. त्या दुःखात असतानाच तुकाराम महाराजांनी स्वप्नात येऊन त्यांना मंत्र दिला. वेदशास्त्र जाणणाऱ्या ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र मानल्या गेलेल्या संताला गुरू करावे, हे पतीला सहन होईना. गरोदर पत्नीला टाकून निघून जायचे त्यांनी ठरवले. पण त्याच वेळी ते आजारी पडले आणि महिनाभर अंथरुणाला खिळले. बहिणाबाईंनी त्यांची सेवा केली, पण नाम सोडले नाही. त्या आजारात गंगाधरपंतांना आपली चूक उमगली. ज्या तुकोबांचा राग होता, त्यांच्याच दर्शनाला ते पत्नीसह देहूला गेले. तिथे मंबाजीने खूप त्रास दिला, तरी ते मागे फिरले नाहीत.

ही कथा ऐकून कुणी म्हणेल, बाईने सोसत राहावे, एक दिवस नवरा सुधारेलच. असा अर्थ आपण काढू नये. मार खाणे हा त्याग नव्हे, तो अन्याय आहे. या घरात खरा त्याग गंगाधरपंतांना करावा लागला. त्यांनी जातीचा आणि पतीपणाचा अहंकार सोडला, तेव्हा हात थांबला.

आणि बहिणाबाईंनी झालेला मार लपवला नाही. पतिव्रताधर्मावर रचना करणाऱ्या या स्त्रीने स्वतःवरचा छळही अभंगांत स्पष्ट सांगितला. प्रार्थनेने त्यांना गप्प केले नाही, बोलण्याचे बळ दिले. १७०० साली शिऊरला त्यांनी देह ठेवला. १९२९ मध्ये जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत आणले आणि ती कहाणी जगभर पोहोचली.

आज दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या उंच इमारतींत फ्लॅटचे दार बंद झाले की आतले रडणे शेजाऱ्यालाही ऐकू येत नाही. बहिणाबाईंना कायद्याचा आधार नव्हता. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. त्यांची मदत घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.

आज प्रार्थनेला बसताना अशा एका घराची आठवण ठेवूया. आपल्या ओळखीतली एखादी भगिनी बोलू लागली, तर तिला सहन कर असे न सांगता तिचे पूर्ण ऐकूया. आणि आपल्याच घरात कुणाचा आवाज चढत असेल, हात उठत असेल, तर पहिला त्याग आपल्या क्रोधाचा करूया.