शिकलेला इंजिनिअर, पण रेल्वेने कोळसा टाकायला लावला. चालत्या इंजिनाला तेल पाजणारा एलायजा मॅकॉय

गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला की आपण गाडी बाजूला घेतो. घ्यायलाच पाहिजे, कारण तेलाविना इंजिन बघता बघता जाम होतं. आजच्या इंजिनात पंप तेल ढकलतो, फिल्टर ते गाळतो आणि तेच तेल पुन्हा फिरतं. काही हौशी मंडळी तर फिल्टर इंजिनापासून लांब बसवतात आणि पाइपने जोडून घेतात. दीडशे वर्षांपूर्वी मात्र यातलं काहीच नव्हतं. रेल्वे इंजिनाला तेल घालायला चक्क माणूस ठेवलेला असायचा.

असाच एक माणूस म्हणजे एलायजा मॅकॉय.

त्याचे आईवडील, जॉर्ज आणि मिल्ड्रेड, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथून ते 'अंडरग्राउंड रेलरोड'ने कॅनडात पळाले. नावात रेलरोड असलं तरी ही काही रेल्वे नव्हती. पळून जाणाऱ्या गुलामांना घराघरांत लपवत पुढे पोहोचवणारं ते गुप्त जाळं होतं. कॅनडात तेव्हा ब्रिटिशांचं राज्य होतं आणि गुलामगिरी १८३४ मध्येच बंद झाली होती. तिथे ऑन्टारियोतल्या कोलचेस्टरमध्ये एलायजाचा जन्म झाला. साल बहुतेक ठिकाणी १८४४ दिलेलं असतं, काही नोंदींत १८४३ आहे.

पोराला यंत्रांचा नाद होता. घरच्यांनी पंधराव्या वर्षी त्याला थेट स्कॉटलंडला, एडिनबर्गला पाठवलं. गुलामगिरीतून पळून आलेल्या कुटुंबासाठी ही किती मोठी उडी असेल, विचार करा. तिथे तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला आणि परतला तोवर घरचे मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात राहायला आले होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं, गुलामगिरीही गेली होती. पण कृष्णवर्णीय माणसाला इंजिनिअरची खुर्ची द्यायला कुणी तयार नव्हतं. मिशिगन सेंट्रल रेलरोडने त्याला काम दिलं ते फायरमन आणि ऑइलरचं. म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचा आणि गाडी थांबली की तेलाचा डबा घेऊन खाली उतरायचं.

हे तेलाचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. वाफेच्या इंजिनात सिलिंडरच्या आत पिस्टन सतत मागे-पुढे घासत असतो. धातूवर धातू घासला की उष्णता वाढते, झीज होते आणि शेवटी भाग अडकून बसतो. तेलाचा पातळ थर हे थांबवतो. पण वाफ तो थर धुऊन नेते, त्यामुळे तेल पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. बाहेरच्या सांध्यांना, चाकांना हाताने तेल घालायचं तर गाडी थांबवायची, ऑइलरने फिरून तेल घालायचं, मग निघायचं. वेळ जायचा, पैसाही जायचा.

मॅकॉयने या कामाचा भार वाफेवरच टाकला. २३ जुलै १८७२ रोजी त्याला पहिलं पेटंट मिळालं. तेलाचा एक कप, त्याच्या आत दांडा आणि झडप. इंजिनातल्या वाफेचा दाब दांड्याला हलवायचा, झडप उघडायची आणि तेल सिलिंडरमध्ये उतरायचं. ना गाडी थांबवायची गरज, ना डबा घेऊन फिरायची.

तेल देणारं यंत्र बनवणारा तो जगातला पहिला होता, असं सोशल मीडियावर अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटमने १८६० मध्येच वेगळ्या पद्धतीचा लुब्रिकेटर आणला होता. मॅकॉयचं वेगळेपण असं की त्याने हा विषय सोडलाच नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तो यात सुधारणा करत राहिला. त्याच्या नावावर सुमारे ५७ पेटंट आहेत आणि त्यातली बहुतेक तेलाशीच संबंधित आहेत. मध्येच इस्त्रीचा टेबल आणि बागेत पाणी शिंपडायचा स्प्रिंकलरही आहे!

पण कारखाना टाकायला भांडवल नव्हतं. त्यामुळे पेटंटचे हक्क कधी मालकांना, तर कधी गुंतवणूकदारांना द्यावे लागले. माल विकला जायचा, पण त्यावर बहुतेक वेळा त्याचं नाव नसायचं.

सत्तरी ओलांडल्यावर त्याने आणखी एक अवघड प्रश्न हाती घेतला. नव्या इंजिनांत वाफ आणखी तापवली जायची, त्यामुळे तेल टिकायचं नाही. त्याने तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळून देणारा लुब्रिकेटर बनवला. त्याचं पेटंट १९१५ चं. १९२० मध्ये अखेर स्वतःच्या नावाची कंपनी निघाली.

सुख फार टिकलं नाही. १९२२ मध्ये मोटार अपघातात तो आणि त्याची पत्नी मेरी जखमी झाले, आणि त्यानंतर मेरी गेली. तोही पुरता सावरला नाही. १० ऑक्टोबर १९२९ रोजी, डेट्रॉइटजवळच्या एलॉइज इथल्या सरकारी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

अस्सल मालाला इंग्रजीत 'द रिअल मॅकॉय' म्हणतात, ते याच्यामुळेच, असाही दावा केला जातो. मात्र स्कॉटलंडमध्ये 'रिअल मॅके' हा शब्दप्रयोग १८५६ मध्येच छापलेला सापडतो, म्हणजे त्याच्या पेटंटच्या १६ वर्षं आधी.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने आपली पहिली प्रादेशिक शाखा डेट्रॉइटमध्ये उघडली. तिला नाव दिलंय एलायजा मॅकॉयचं.