पार्किन्सन यांच्याकडे नसलेली गोळी

११ एप्रिल हा दिवस जगभर ‘पार्किन्सन दिन’ म्हणून पाळला जातो. ज्यांचे नाव या कंपवाताला मिळाले, त्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा हा जन्मदिवस. १७५५ साली लंडनच्या हॉक्सटन भागात त्यांचा जन्म झाला. इंटरनेटवर त्यांचे म्हणून जे फोटो फिरतात, ते दुसऱ्याच पार्किन्सनांचे आहेत; कारण फोटोग्राफी रुळण्याआधीच, १८२४ मध्ये, ते वारले.

वडील जॉन हे अपॉथेकरी होते. म्हणजे रुग्ण तपासायचा, औषध ठरवायचे आणि ते तयार करून द्यायचेही त्यांनीच. जेम्स त्यांच्याच हाताखाली शिकले. १७८४ मध्ये वडील गेले, त्याच वर्षी जेम्स यांना सर्जन म्हणून मान्यता मिळाली आणि हॉक्सटनमध्येच त्यांनी पुढची प्रॅक्टिस केली.

माणूस मात्र दवाखान्यापुरता नव्हता. गरिबांच्या हक्कांसाठी ते टोपणनावाने पत्रके लिहीत. राजाला मारण्याचा कट असल्याच्या आरोपावरून काही सहकारी पकडले गेले, तेव्हा १७९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर त्यांची चौकशी झाली. सामान्य कुटुंबांसाठी त्यांनी आरोग्याची पुस्तके लिहिली. जीवाश्मांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि १८०७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या स्थापनेत ते सहभागी झाले.

१८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपवातावरचा छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात रुग्ण फक्त सहा. त्यांतले काही रस्त्यात भेटलेले, एक तर केवळ लांबून पाहिलेला. तरीही स्वस्थ बसलेले असताना थरथरणारा हात, पुढे झुकलेले शरीर, तोल जाऊन पळत सुटल्यासारखी चाल हे सारे त्यांनी अचूक टिपले. पुढे पॅरिसचे डॉ. शार्को यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. उपचाराच्या बाबतीत मात्र पार्किन्सन यांचे हात रिकामे होते. मानेजवळून रक्त काढणे आणि कातडीवर फोड आणून तो वाहता ठेवणे, एवढेच त्यांना सुचवता आले. खरा उपाय पुढच्या संशोधकांना सापडेल, ही आशा त्यांनी ठेवली.

तो सापडायला जवळपास दीडशे वर्षे लागली. १९६१ मध्ये व्हिएन्नात रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा दिल्यावर जखडलेली माणसे हालचाल करू लागली. पण परिणाम काही तासच टिकला. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉर्ज कोट्झियास यांनी तेच औषध तोंडाने, हळूहळू मात्रा वाढवत, रोज दिले आणि सुधारणा टिकून राहिली.

यातच आजच्या घरांसाठी महत्त्वाची गोष्ट आहे. लेव्होडोपा आजार मुळापासून काढत नाही. मेंदूत कमी पडलेल्या डोपामिनची भरपाई करते. रक्तातून ते काही तासांत उतरते. गोळ्या संपल्या की शरीर पुन्हा जखडते, गिळणे अवघड होते, पडण्याचा धोका वाढतो. औषध अचानक बंद झाल्यास काही रुग्णांना तीव्र ताप, लाकडासारखा ताठरपणा आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशी लक्षणे दिसली तर रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पार्किन्सन यांच्या काळी तपासणारा आणि औषध देणारा एकच असे. आता चिठ्ठी एकीकडे, दुकान दुसरीकडे. मधला दुवा म्हणजे घरातला सांभाळणारा माणूस. त्याने एवढे करावे : पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणाव्यात. शेवटच्या स्ट्रिपची वाट पाहू नये. सणाच्या सुट्ट्या, लग्नकार्य, गावी जाणे यांचा हिशेब आधी करावा. केसपेपर आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात. सरकारी रुग्णालयात साठा नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्यावा. दुकानदाराने ११० ऐवजी १२५ची गोळी दिली तर विचारल्याशिवाय ती सुरू करू नये. दोन्हींत लेव्होडोपा तेवढेच असले तरी कार्बिडोपाचे प्रमाण वेगळे असते. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे, पण घरी केलेल्या चूर्णात ते किती आहे हे कळत नाही. म्हणून गोळी संपली की चूर्ण, असा बदल करू नये. दुसऱ्या आजारासाठी रुग्ण दाखल झाला, तर कंपवाताच्या गोळ्या आणि त्यांच्या नेमक्या वेळा पहिल्याच तासात सिस्टरना सांगाव्यात.

आज घरी गेल्यावर एकदा डबा उघडून गोळ्या मोजा. किती दिवस पुरतील ते काढा आणि नवीन आणायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.