आरी, दोरा आणि पालवणकर बाळू

मागच्या महिन्यात आपल्या होस्टेलच्या मॅचचा लेदर बॉल उसवला. धुळ्याच्या बाजारातल्या मोचीकाकांनी आरीनं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं तो पुन्हा शिवून दिला. हाताने चेंडू बनवायची जुनी पद्धतही अशीच. कॉर्कच्या गाभ्यावर लोकरीचा दोरा घट्ट गुंडाळायचा, रापीनं कातड्याचे चार तुकडे कापायचे, चेंडू लाकडी पकडीत धरायचा (आपल्या वर्कशॉपमधल्या व्हाइसचा थोरला भाऊच म्हणा!) आणि आरीमागून दोरा ओवत जायचं. तेव्हा पालवणकर बाळू आठवले.

ज्या चर्मकार समाजाच्या हातात पिढ्यान् पिढ्या रापी-आरी होती, त्याच समाजात १८७६ च्या सुमारास धारवाडला बाळूंचा जन्म झाला. वडील फौजेत होते. पोरगा पुण्यात वाढला. पारशी क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा. पुढे युरोपियनांच्या क्लबात ४ रुपये. तिथं नेटमध्ये गोऱ्या साहेबांना तासन् तास डावखुरी फिरकी टाकली. बॅट मात्र हातात कोणी देईना!

हिंदूंच्या क्लबानं त्यांना संघात घेतलं, पण मैदानापुरतंच. त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. आता गंमत बघा, तो चेंडू कातड्याचाच! कातड्याचा विटाळ नाही, माणसाचा मात्र आहे, हे गणित मला तरी अजून सुटलेलं नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, पस्तिशीत, खांदा दुखत असताना ११४ बळी! इतकं होऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

पुढे ते राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले. खरं सांगायचं तर हे वाचून मी जरा चरकलोच, कारण बाबासाहेब त्यांचे चाहते होते. बाळू हरले, पण फार मोठ्या फरकानं नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत ते वारले.