रॉबर्ट हॉली

रॉबर्ट विल्यम हॉली (२८ जानेवारी, १९२२:अर्बाना, इलिनॉय – ११ फेब्रुवारी, १९९३:लॉस गॅटोस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. वाहक आरएनए या लहान न्यूक्लिइक आम्ल रेणूची रचना उलगडल्याबद्दल त्यांना १९६८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्यासह मिळाले.

जीवन

हॉली यांचे आईवडील दोघेही शिक्षक होते. १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पेनिसिलिनच्या कृत्रिम निर्मितीवर काम केले. १९४७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

संशोधन

पेशीत प्रथिने तयार होताना वाहक आरएनए अमिनो आम्ले योग्य जागी पोचवतो. हॉली यांनी ॲलॅनिन या अमिनो आम्लाचा वाहक निवडला. सुमारे १४० किलो यीस्टमधून त्यांच्या हाती जेमतेम १ ग्रॅम शुद्ध पदार्थ आला. दोन विकरांनी हा रेणू वेगवेगळ्या ठिकाणी तोडून आणि तुकडे एकमेकांशी ताडून त्यांच्या गटाने १९६५ मध्ये ७७ न्यूक्लिओटाइडांचा क्रम मांडला. संपूर्ण क्रम कळलेले हे पहिले न्यूक्लिइक आम्ल होय.

रेणूचा आकार

क्रम कळला तरी आकार कळत नाही. साखळीतील परस्परपूरक भाग एकमेकांना जोडून पाहिल्यावर क्लोव्हरच्या, म्हणजे आपल्याकडील बेलाच्या पानासारखी त्रिदल आकृती मिळाली. ती एलिझाबेथ केलर आणि जॉन पेन्स्विक यांनी सुचवली होती. मूळ शोधनिबंधाच्या लेखकांत मात्र केलर यांचे नाव नाही. ही आकृती सपाट होती. स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासातून १९७०च्या दशकात रेणूची त्रिमितीय घडी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी असल्याचे दिसले.

हॉली यांना प्रत्येक तुकडा रासायनिक पद्धतींनी ओळखावा लागला. आता मास स्पेक्ट्रोमेट्रीने तुकड्यांचे वस्तुमान मोजून क्रम आणि न्यूक्लिओटाइडांतील रासायनिक बदल शोधता येतात. तिला आयनांच्या गतीच्या मापनाची जोड दिल्यास आकाराचाही अंदाज येतो. आटोपशीर घडीच्या रेणूला वायूतून जाताना पसरट रेणूपेक्षा कमी अडथळा होतो.

उत्तरायुष्य

१९६८ पासून हॉली कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत होते. तेथे त्यांनी पेशींची वाढ नियंत्रित करणाऱ्या घटकांचा अभ्यास केला. कांस्यशिल्पे घडवण्याचा त्यांना छंद होता.